शेवटच्या ओळीतलं नाव

घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या उतारावर जी वस्ती आहे, तिथे शिवदास भालेराव कुठे राहतात असं विचारलं तर लोक क्षणभर विचारात पडतात. तेच 'कवी शिवदास' म्हणा, शेंबडं पोरसुद्धा विहाराच्या मागची गल्ली दाखवतं. आडनाव माणसाला बापाकडून मिळतं. हे 'कवी' मात्र शिवदासांना अडतीस वर्षांपूर्वी मिळालं आणि त्यांनी ते नको म्हटलं नाही. सगळी गोष्ट त्या न म्हणण्याची आहे.

पोटापाण्याला ते दप्तरी होते. पार्ल्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी बत्तीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधली. मैद्याची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, पान सांधायचं, वर वजन ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. हाताला घाई नाही आणि डोक्यात कल्पना नाही, असा तो उत्तम दप्तरी होता. अक्षर मोत्याचं. वस्तीतला रेशनकार्डाचा अर्ज असो की लग्नपत्रिकेचा मजकूर, लोक कागद घेऊन त्यांच्याकडेच यायचे, आणि तेही चहासुद्धा न मागता लिहून द्यायचे. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कमलबाई त्यांची बायको. माहेर जालन्याकडचं, शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, पण लिहायला हात वळत नाही. लग्न होऊन वस्तीत आल्या आणि गल्लीतल्या बायकांबरोबर अगरबत्तीची पुडकी भरायला बसल्या. मध्ये अगरबत्तीचा ढीग, भोवती दहा-बारा बायका. हात चालू, तोंडही चालू. बाकीच्या जणी सासूची गाऱ्हाणी सांगत, कमलबाई गाणी बांधत. प्रेमाच्या पोरीचं नाव शाळेतून काढलं, त्यावर एक गाणं झालं. शांताबाईचा नवरा पगाराच्या दिवशी गटारात सापडला, त्यावरही झालं. संध्याकाळी शिवदास कॉलेजातून आले की कमलबाई भाकऱ्या थापता थापता ते गाणं म्हणत, आणि शिवदास मोत्याच्या अक्षरात वहीत उतरवून घेत. घरात टीव्ही नव्हता. दोघांची करमणूक हीच.

शहाऐंशी साली ती वही पंचशील गायन पार्टीचे म्होरके तुळशीरामदादा यांच्या हातात पडली. दादा स्वतः गाणारे, चांगल्या गाण्याला हपापलेले. प्रेमाच्या पोरीवरचं पाटीचं गाणं त्यांनी जागेवरच चालीत म्हणून पाहिलं:

दिली पाटी माझ्या हाती, गेली अंगठ्याची शाई.

"शिवदास, लेका, ही तुझी गाणी? आणि इतके दिवस तोंडात मूग धरून बसलास?"

शिवदास खाली बघून हसले. बस्, इतकंच केलं त्यांनी. बायकोची आहेत म्हटलं असतं तर दादांनी वही मिटून परत दिली असती, असं ते पुढे स्वतःला सांगत आले. त्या क्षणी मनात नेमकं काय होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ठाऊक नाही.

दादांनी एक खोट मात्र काढली. भीमगीताच्या शेवटच्या ओळीत कवीचं नाव यावं लागतं. ते नसेल तर गाणं बेवारस. उद्या दुसरी पार्टी उचलेल आणि आपलं नाव घालून गाईल. "नाव घाल बाबा," दादा म्हणाले, "चोरांचा भरवसा नाही."

शिवदास घरी आले. "कमल, शेवटच्या ओळीत नाव लागतं म्हणे."

"कुणाचं?"

"दादा म्हणतात, माझं."

कमलबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "लिहा. शिवदास सांगे लोकां, लेक शिकवावी बाई." लग्नाला पाच वर्षं झाली होती. नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून शिवदासांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना गुदगुल्या झाल्या.

आठ दिवसांनी कमलबाईंनी नवं गाणं सांगितलं:

बोल मुक्या आता तरी, जीभ आहे तुझ्या तोंडी.

हे गाणं पार्टीचं हुकमाचं पान ठरलं. जयंती असो, धम्मचक्र दिन असो, मुलुंडपासून कांदिवलीपर्यंत कुठलंही स्टेज असो, शेवटी 'बोल मुक्या' झाल्याशिवाय लोक उठत नसत. समाजाला जागं करणारं गाणं म्हणून त्याला शिट्ट्या पडत. शिवदास बाजूला डफ घेऊन उभे राहत आणि शेवटची ओळ आली की गायक हात लांब करून त्यांच्याकडे दाखवी: शिवदास सांगे आता, फोड मौनाची ही कोंडी! आयत्या बिळावर नागोबा कसा डोलतो ते बघायचं असेल तर ते दृश्य बघायला हवं होतं.

वर्षं गेली. गाण्यांची संख्या एकेचाळीसवर गेली. तुळशीरामदादा वारले, पार्टी चैतन्य नावाच्या तिशीतल्या पोराकडे आली, अगरबत्तीचं काम बंद झालं, शिवदास निवृत्त झाले. आणि यंदा फेब्रुवारीत विहाराच्या कमिटीने ठरवलं की चौदा एप्रिलला 'कवी शिवदास यांची गाणी' ही पुस्तिका काढायची आणि स्टेजवर शाल देऊन कवींचा सत्कार करायचा. कमिटीचा सेक्रेटरी सुयोग घरी येऊन सांगून गेला. "काका, प्रेसवाल्याला टाइप केलेली फाइल लागते. हाताने लिहिलेलं तो घेत नाही आता."

शिवदासांची मुलगी संघमित्रा लग्न होऊन कांदिवलीला असते, बँकेत नोकरी करते. तिने आपला जुना लॅपटॉप आणून दिला. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटेल अशी सोय करून दिली आणि ती निघून गेली. पुढची शिकवणी फोनवर.

पहिल्यांदा घोडं पेंड खाऊ लागलं ते ध्रुवपदापाशी. गाण्यात ध्रुवपद प्रत्येक कडव्याखाली येतं. वहीत शिवदास 'दिली पाटी...' एवढं लिहून पुढे टिंबं देत. पण पुस्तिकेत पूर्ण हवं, म्हणून त्यांनी पाच कडव्यांखाली पाच वेळा पूर्ण ओळ टाइप केली. एका बोटाने. दुपार गेली. संध्याकाळी हे ऐकून संघमित्रा फोनवर किंचाळली.

"पप्पा! कॉपी-पेस्ट करा ना! एकदाच टाइप करायचं. मग ओळीच्या सुरुवातीला बोटाने टिचकी मारा, बोट न उचलता शेवटपर्यंत ओढत न्या. ओळ निळी झाली?"

"झाली."

"आता कंट्रोल दाबून ठेवा. सोडायचं नाही. तसंच C दाबा."

"दाबलं. काही झालं नाही."

"झालंय. दिसत नाही ते. आता जिथं ओळ पाहिजे तिथं टिचकी मारा आणि कंट्रोल दाबून V."

शिवदासांनी V ऐकलंच नाही. पेस्ट म्हणजे P, हे त्यांना सांगायला कशाला हवं? त्यांनी कंट्रोल आणि P दाबलं आणि पडद्यावर छापायची खिडकी उघडली. P छपाईला आधीच देऊन टाकलाय, म्हणून पेस्टला V मिळाला, हे मुलीने समजावलं तेव्हा त्यांना ते पटलं. नोकरीतही खुर्च्या अशाच वाटल्या जात. मग V दाबलं, आणि ओळ जशीच्या तशी खाली येऊन बसली. ना खळ, ना वजन, ना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं. बत्तीस वर्षं चिकटवाचिकटवी केलेला माणूस पडद्याकडे बघत राहिला.

त्यांनी डायरीत सगळं सुवाच्य लिहून ठेवलं. C दाबल्यावर काही घडल्यासारखं वाटत नाही, तरी विश्वास ठेवावा. नवीन काही कॉपी केलं की आधीचं जातं, एका वेळी एकच ठेवतो. कॉपी केलं तर मूळ जागेवर राहतं, X दाबलं तर मुळातून उचललं जातं. चुकून निळ्या ओळीवर दुसरं अक्षर दाबलं तर सगळं पुसतं, घाबरू नये, कंट्रोल दाबून Z, परत येतं. या शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. त्या दिवशी सकाळी अर्धं गाणं गायब करून ते पंधरा मिनिटं घामाघूम बसले होते.

पुढच्या शनिवारी संघमित्रा स्वतः आली. गाणी तपासताना तिला 'समता' सगळीकडे 'समाता' झालेली दिसली. तिने एक खिडकी उघडली. वरच्या चौकटीत चुकीचा शब्द, खालच्या चौकटीत बरोबर शब्द, एक बटण. सव्वीस समाता एका दमात समता झाल्या.

"हे पण शिकून ठेवा पप्पा," ती म्हणाली. "एक शब्द सगळीकडे चुकीचा पडलाय असं कधी लक्षात आलं, तर एका फटक्यात बदलता येतो." हे म्हणताना तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. शिवदासांच्या ते लक्षात आलं नाही.

काम झपाट्याने होऊ लागलं. एक अडचण राहिली. 'शिवदास' टाइप केलं की यंत्र आधी 'शिवडास' दाखवी, मग खालच्या यादीतून निवडावं लागे. शिवदासांनी त्यावर स्वतःच तोड काढली. शेवटच्या ओळीत जागा मोकळी सोडायची, आणि सगळी गाणी उतरल्यावर नाव एकदाच बरोबर लिहून, कॉपी करून, एकेका गाण्यात पेस्ट. फार सोयीचं झालं. कमलबाईंनी सांगितलेली ओळ, मध्ये मोकळी जागा, त्यात शिवदास. कंट्रोल, V. पुढचं गाणं. कंट्रोल, V. विसाव्या का बाविसाव्या गाण्याला त्यांचं बोट थबकलं. वहीत हाताने लिहिताना कधी वाटलं नव्हतं, पण इथे डोळ्यांसमोर दिसत होतं की नाव बाहेरून आणून चिकटवलंय. त्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागितला.

एकेचाळीसही गाणी झाली. राहिलं मनोगत. सुयोगने बजावलं होतं, "सुरुवातीला एक पान तुमचं हवं काका. गाणी कशी सुचतात ते लिहा. लोकांना तेच वाचायचं असतं."

शिवदासांनी लिहिलं: मी, शिवदास धर्माजी भालेराव, एका कॉलेजच्या ग्रंथालयात दप्तरी होतो. पुढे लिहिलं: माझी पत्नी कमल हिने मला घरची काळजी कधी पडू दिली नाही. आणि गाडी अडली. तीन दिवस त्या वाक्यापुढे रेघ नुसती लुकलुकत होती. वहीत शोधलं तर सापडेना, आणि कॉपी करायला आधी कुठेतरी लिहिलेलं तर हवं.

चौथ्या दिवशी ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काय गं, तुला गाणी सुचायची कशी?"

कमलबाई लसूण सोलत होत्या. "पुडकी भरताना हात आपले आपण चालतात," त्या म्हणाल्या. "डोकं रिकामं असतं. समोर जी बसलीय तिच्या तोंडाकडं बघायचं. तिचं जे अडलंय ते गाण्यात येतं."

शिवदास आत आले आणि त्यांनी टाइप केलं: हात आपले आपण चालतात तेव्हा माझं डोकं रिकामं असतं. टाइप करून त्यांनी ते वाचलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. या हातांनी आयुष्यात अगरबत्तीचं एक पुडकं भरलं नव्हतं. आजवरचं सगळं, शहाऐंशी साली एकदा खाली बघून हसलो त्याचं पुढे चालू, असं म्हणून झटकता येत होतं. हे वाक्य मात्र त्यांनी आत्ता, सदुसष्टाव्या वर्षी, पुऱ्या शुद्धीत उचललं होतं. त्यांना स्वतःची शरम वाटली.

ते वाक्य त्यांनी पुसलं. मग डायरी उघडून मुलीने शिकवलेली ती खिडकी शोधली. वरच्या चौकटीत शिवदास, खालच्या चौकटीत कमल. बटण दाबलं. त्रेचाळीस ठिकाणी बदल झाला, असं यंत्राने कळवलं. अडतीस वर्षांचं काम दोन सेकंदात उरकल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की फाइल पुन्हा न वाचता त्यांनी ती सुयोगला आणि चैतन्यला पाठवून दिली. कमलबाईंना काही सांगितलं नाही. पुस्तिका हातात देऊच, असा बेत होता. आणि सांगायचं म्हणजे तोंड उघडावं लागलं असतं, हेही होतंच.

रविवारी संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये पार्टीची तालीम होती. मागच्या बाजूला सतरंजीवर वस्तीतल्या जुन्या बायका निळ्या पताका सुतळीला चिकटवत बसल्या होत्या. खळ शिवदासांनीच शिजवून आणलेली. कमलबाई त्यांच्यात, प्रेमा आणि शांताबाईच्या मध्ये.

चैतन्य आला तोच हसत. "जय भीम काका! लॅपटॉपने तुमची पार वाट लावली की!" त्याने छापलेले कागद फडकावले. "ऐका रे सगळे. 'मी, कमल धर्माजी भालेराव, एका कॉलेजच्या ग्रंथालयात दप्तरी होतो. माझी पत्नी कमल हिने मला घरची काळजी कधी पडू दिली नाही.'"

हॉल हसून लोटपोट झाला. सुयोग म्हणाला, "सगळ्या गाण्यांत काकींचं नाव घुसलंय. टेन्शन नको काका, कंट्रोल Z मारा. प्रेसला बुधवारी द्यायचंय."

सुटकेचं दार सताड उघडं होतं. 'हो रे, चुकून झालं' एवढंच म्हणायचं. तेवढंही नको, नुसतं खाली बघून हसलं तरी भागलं असतं. ती कला अवगत होतीच. शिवदासांनी मान वर केली. मग म्हणाले, "चुकलंय ते पहिल्या पानावर. गाण्यांत नाही. गाण्यांत मीच बदललंय. गाणी हिची आहेत."

मग सुयोगने टाळी वाजवली. "काय बात आहे काका! मन मोठं लागतं याला. यार, आपल्यात कोण देतं बायकोला एवढा मान?" बाकीच्यांनीही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

"मान नाही रे," शिवदास म्हणाले. "खरंच तिची आहेत. मी नुसता उतरवून घ्यायचो."

"तेच ते काका, किती साधेपणा!" सुयोग म्हणाला. शिवदास मेटाकुटीला आले. अडतीस वर्षं जे खोटं कुणी तपासलं नाही, त्याच्या जागी खरं सांगितलं तर ते चांगुलपणाच्या खात्यात जमा होत होतं.

चैतन्यला मात्र गाण्याची काळजी. "भावना ठीक आहे काका, पण चालीत बसत नाही. बघा." त्याने ढोलकीवाल्याला खूण केली आणि पाटीच्या गाण्याचं शेवटचं कडवं उचललं: "कमल सांगे लोकां..." ठेका एक अक्षर पुढे निघून गेला आणि ओळ लंगडली. पोरं पुन्हा हसली. "बघितलं? एक अक्षर कमी पडतं. गाणं तुमच्या नावावरच बेतलंय. तुमचंच राहू द्या."

त्याने पुन्हा एकदा ते कडवं घेतलं, चूक सगळ्यांना नीट दिसावी म्हणून. ओळीपाशी आला, आणि त्याच्या आधीच मागच्या सतरंजीवरून सात-आठ बायकांचे आवाज एकदम आले. पताकेवरून नजर न काढता, वर्षानुवर्षं म्हणत आल्यासारखे:

म्हणे कमल प्रेमाला, लेक शिकवावी बाई.

ठेका बरोबर समेवर येऊन थांबला. चैतन्य तोंड उघडं ठेवून मागे बघत राहिला.

"काकी, ही कुठली ओळ?"

"कुठली म्हणजे?" शांताबाई म्हणाल्या. "गाण्यातली. गल्लीत अशीच म्हणतो आम्ही. तुमची स्टेजची ओळ निराळी. पुरुषांची."

"सगळी गाणी?"

"सगळी. प्रेमाचं पाटीचं. माझं दारूचं: कमल बोले शांताला. गल्लीतल्या जयंतीचं नळाचं: कमल म्हणे जयंती. जिचं गाणं तिचं नाव."

कुणी टाळी वाजवली नाही. सुयोग कागदाकडे बघून हळूच म्हणाला, "बॅनर छापायला दिलाय ओ..."

"बदल," शिवदास म्हणाले.

ते मागे वळून कमलबाईंकडे बघत होते. वस्तीतल्या अर्ध्या माणसांना जे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ते आपण अडतीस वर्षं लपवत होतो, हे त्यांना आत्ता कळत होतं. कमलबाईंनी पताकांची माळ उचलून बाजूला ठेवली. "खळ ओली आहे," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या. "हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी संघमित्राने सुट्टी टाकली आणि सकाळीच आली. तालमीची हकिकत तिला रात्रीच शांताबाईंनी फोनवर कळवली होती.

"तुला माहीत होतं?" शिवदासांनी विचारलं.

"मी त्याच गल्लीत वाढले पप्पा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली. ही पोर आईवर गेली होती.

तिघंजण लॅपटॉपसमोर बसले. बुधवारपर्यंत एकेचाळीस शेवटच्या ओळी दुरुस्त करायच्या होत्या. संघमित्रा म्हणाली, 'म्हणे कमल' एवढं कॉपी करून ठेवू, म्हणजे काम पटापट होईल. कमलबाईंनी मान हलवली. कुठे 'म्हणे कमल' आहे, कुठे 'कमल बोले', कुठे बाईचं नाव आधी. कॉपी-पेस्ट चालणार नाही, एकेक सांगते. त्या सांगत गेल्या, शिवदास एका बोटाने टाइप करत गेले, शहाऐंशी सालासारखेच. फरक एवढाच की प्रत्येक ओळीला एक बाई घरात येत होती. कुणी वारलेली, कुणी गावी गेलेली, कुणी काल पताका चिकटवून गेलेली.

"वहीत सांगताना गल्लीतली शेवटची ओळ मी गाळायचे. पुढे तुमचं नाव बसवायला तर फार त्रास व्हायचा," कमलबाई मध्येच म्हणाल्या. "चार अक्षरं. ते घालायचं म्हणजे मी पण निघायचे आणि ती बाईपण निघायची. दोघींना उठवावं लागायचं, तेव्हा तुमची सोय."

शिवदासांनी 'हं' म्हटलं. पुढची ओळ पडद्यावर आणली.

दुपारी तीनला चाळीस ओळी झाल्या. राहिलं 'बोल मुक्या'. पडद्यावर ओळ होती: कमल सांगे आता, फोड मौनाची ही कोंडी.

"हे कुणाचं?" शिवदासांनी बोट तयार ठेवून विचारलं. "कोण बाई?"

"यात बाई नव्हती," कमलबाई म्हणाल्या. "यात तुमचंच नाव होतं. आधीपासून."

शिवदासांचा चेहरा उजळला. एकेचाळीसातलं एक तरी आपल्यासाठी बांधलं होतं तर. "म्हणजे हे होतं तसंच ठेवायचं? शिवदास सांगे आता?"

"सांगे नव्हतं. ते स्टेजसाठी केलं. गल्लीत आम्ही म्हणायचो ती ओळ लिहा. शिवदासा ऐक आता, फोड मौनाची ही कोंडी."

संघमित्रा खिडकीबाहेर बघू लागली. शिवदासांनी बोट उचललं, ते हवेतच राहिलं. दादांनी विचारलं होतं, ते खाली बघून हसले होते, आणि आठ दिवसांनी हे गाणं आलं होतं. बोल मुक्या आता तरी. डफ घेऊन ते याच गाण्याला उभे राहत आले होते. गायक हात लांब करून त्यांच्याकडे दाखवी आणि लोक शिट्ट्या मारत. मागे बसलेल्या बायका तेव्हा गालातल्या गालात का हसत, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी टाइप करायला घेतलं. नाव यंत्राने पुन्हा 'शिवडासा' असंच दाखवलं. संघमित्रा म्हणाली, "वरच्या मनोगतातून कॉपी करा ना पप्पा, तिथं दुरुस्त केलंय." त्यांनी केलं नाही. पुसून, परत दाबून, यादीतून निवडून त्यांनी ते एकेक अक्षर बरोबर आणलं. ओळ पूर्ण झाली.

"वाचा बघू," कमलबाई म्हणाल्या.

शिवदासांनी वाचली.

"किती वर्षं गायलात हे?"

"अडतीस."

"आणि कळलं कधी?"

"आत्ता."

"बरं झालं," कमलबाई म्हणाल्या, आणि गॅसवर चहा उतू चालला होता तो बंद करायला उठल्या.